एल्म वाळतंय, डच रोगाचं औषध सांगा (अर्जंट)

तापीकाठ_चोपडा
बांधावर आजोबांच्या काळचं एल्म आहे, अर्धं वाळलं. पोराने मोबाइलवर फोटो टाकला तर इंडियन एल्म निघालं. एल्म जगातून संपत चाललेत म्हणे, डच रोगाने. म्हणजे हाच तो. कोणतं औषध, पंपाला किती, एवढंच सांगा. भाषण नको.

केळीवाला_रावेर
बोर्डो पेस्ट. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. कमरेपर्यंत बुंध्याला फासा. आमच्या लिंबूच्या बागेला दरवर्षी लावतो, एक झाड दगावलं नाही.

पायथ्याचा_मास्तर
केळीवाले, डच रोगाची बुरशी खोडाच्या आत पाणी नेणाऱ्या नळ्या बंद करते, सालीतले भुंगेरे ती झाडोझाडी नेतात. बाहेरून फासून तिला काय होणार? आणि तापीकाठ, हे एल्म म्हणजे आपला वावळ का? गोल पापडीसारखं बी असतं, पानं चुरगाळली की घाण वास येतो, तोच?

तापीकाठ_चोपडा
हो, वावळच. पापड्यांतलं बी लहानपणी खायचो आम्ही. पण इंग्रजीत एल्मच ना? रोग तोच.

पायथ्याचा_मास्तर
घराणं एक, झाड वेगळं. डच रोग मुख्यतः उल्मस जातींचा, म्हणजे खऱ्या एल्मचा; वावळ त्यात येत नाही. एकट्या ब्रिटनमध्ये त्याने अडीच कोटींहून जास्त झाडं खाल्ली. नावात डच, कारण १९२१ च्या सुमारास बुरशी हॉलंडमध्ये ओळखली गेली. आपल्या देशात खरं संकटात आहे ते हिमालयातलं एल्म. तिथे गुरांच्या चाऱ्यासाठी फांद्या इतक्या छाटतात की झाडाला बी धरायला उसंत मिळत नाही. गंमत म्हणजे डच लोकांनी रोगाला टिकणाऱ्या जाती काढताना याच हिमालयी एल्मशी संकर केला.

जळगावची_वैशू
वावळाच्या परागांची ॲलर्जी असते लोकांना. आमच्या आत्याला दरवर्षी थंडी सरताना दम लागायचा. घराजवळ नका ठेवू.

तापीकाठ_चोपडा
ताई, झाड शेतात आहे. घर गावात.

लाकूडवाला
बुंध्याचा घेर किती? वाळलेलं असेल तर गाडी पाठवतो.

केळीवाला_रावेर
मास्तर, तुम्ही हिमालयात गेलात, त्याचं झाड चोपड्यात वाळतंय. पेस्ट लावल्याने नुकसान तरी काय?

गिरणाकाठची_माई
भाऊ, वाळलं कधीपासून? वावळ हिवाळा संपता संपता पानं टाकतोच. आमच्याकडचा दरसाल उघडा होतो, मग पापड्यांनी भरतो.

तापीकाठ_चोपडा
माई, चैत्र संपला. पूर्वेकडच्या फांद्यांना पालवी आली, पाटाकडच्या नुसत्या काड्या. गळती असती तर दोन्हीकडे झाली नसती का?

गिरणाकाठची_माई
पाटाकडे काय केलं होतं? खोदलं? पेटवलं?

तापीकाठ_चोपडा
दिवाळीनंतर ठिबकच्या पाइपासाठी जेसीबीने चारी काढली. आणि पऱ्हाटी तिथेच पेटवली, दरवर्षी पेटवतो. त्याचा काय संबंध?

पायथ्याचा_मास्तर
😀 हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं, दादा. मुळ्या तुटल्या, साल भाजली. त्या बाजूची फांदी नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर जीव आहे.

केळीवाला_रावेर
आमच्याकडे पऱ्हाटीचा भुगा करून शेतातच टाकतात. कोणीतरी ऐकेल का?

तापीकाठ_चोपडा
संध्याकाळी जाऊन आलो. पाटाकडची जाड फांदी खरवडली, आत करडं. त्याच बाजूला दोन बोटं जाड फुटवा निघालाय, तो मात्र हिरवागार. बुंध्याशी हातभर राख होती, घमेल्याने काढली. वीतभर साल हातातच आली. करडी फांदी कापू का राहू देऊ? आणि सकाळी ११५० रुपयांचं बुरशीनाशक आणून ठेवलंय, सील फोडलेलं नाही. दुकानदार परत घेतो का हो?

लाकूडवाला
फांदीचा घेर किती?