अनुभव धागा: घरच्या कॉम्प्युटरमधलं स्पायवेअर कसं हुसकावलंत?

तलावपाळी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून विचारणा असतेच, ‘पीसी खूप स्लो झालाय, कुणी ओळखीचा माणूस आहे का?’ माणूस येतो, विंडोज फॉरमॅट करतो, पैसे घेऊन जातो. मुंजीचे फोटो डेस्कटॉपवरच होते, हे मग रात्री कुणाला तरी आठवतं. म्हणून हा धागा, स्पायवेअरचा, म्हणजे नकळत पीसीत शिरून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. ‘स्कॅन मारला, गेलं’ एवढ्यावर सुटका नाही. कुठे लपलं होतं, कशाने सापडलं आणि काढल्यावरही काय बिघडलेलं राहिलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. नौपाड्यात आत्या राहते, तिच्या पीसीवर कुणीतरी पीडीएफचं वर्ड करणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्याच्या शेपटाला धरून एक सर्च बार आला आणि क्रोमचं होमपेजच बदललं. कंट्रोल पॅनलमधून दोन्ही काढली, मग ॲडवक्लीनर हे असली घुसखोर सॉफ्टवेअर काढणारं टूल चालवलं, उरलंसुरलं त्याने उचललं. सगळं साफ, आणि इंटरनेट बंद! वायफायच्या कांड्या पूर्ण, मोबाइलवर सगळं चालतंय, फक्त पीसीवर एकही साइट उघडेना. आत्याने तोवर केबलवाल्याला फोनवर चांगलंच झापलं होतं.

गडबड विंडोजच्या प्रॉक्सी (म्हणजे नेटचा मध्यस्थ) सेटिंगमध्ये होती. तिथे बटण चालू आणि पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हाच कॉम्प्युटर. ते स्पायवेअर मध्ये बसून ब्राउझरचं येणंजाणं स्वतःतून फिरवत होतं. ते गेलं, पण ‘सगळं त्याच्याकडूनच पाठव’ हा हुकूम तसाच राहिला. बटण बंद केलं, नेट सुरू.

ऐरोलीची सून

आमचं छोटंसंच. बाबांच्या (सासरे) स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात सारखं यायचं, ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले’. स्कॅनमध्ये मात्र काही मिळेना, कारण पीसीत काही नव्हतंच. मालिका बघायच्या कुठल्याशा साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली होती, तीच साइट हे पाठवत होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी नावं काढून टाकली. बाबांचं म्हणणं, ‘तो एवढं विचारतोय तर हो म्हणावं.’ म्हणून आता साइट्सनी विचारायचंच नाही, असं सेटिंग करून ठेवलंय.

कळव्याला फास्ट थांबत नाही

भाच्याने क्रॅक केलेला गेम टाकला. त्यानंतर काही चालू नसतानाही पंखा घोंघावायचा आणि डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटीव्हायरस, म्हणायचा, सगळं आलबेल. मला संशय आला तो डिफेंडरवरच. त्याची एक्सक्लूजन्सची यादी उघडली, तर तिथे अख्खा सी ड्राइव्ह! म्हणजे ‘इथे बघू नकोस’ असं चोरानेच वॉचमनला सांगून ठेवलेलं. इन्स्टॉल करताना ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीला ‘येस’ म्हटलं की असला प्रोग्रॅम ही यादी खुशाल बदलू शकतो.

यादी रिकामी केली आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. यात पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. विंडोज चालू असताना लपून बसणारे इथे सापडतात. बऱ्याच गोष्टी निघाल्या, पण दुसऱ्या दिवशी एक फाइल परत हजर. मग मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स उतरवलं. पीसीबरोबर आपोआप काय काय सुरू होतं, ते सगळं त्यात एका जागी दिसतं. शेड्यूल्ड टास्कच्या टॅबमध्ये अपडेटरसारखं सोज्ज्वळ नाव घेऊन एक ओळ बसली होती, पब्लिशर कोरा, फाइल ॲपडेटामधल्या फोल्डरात. दर लॉगिनला तीच काढलेली फाइल पुन्हा आणत होती. आधी टास्क उडवली, मग फाइल. पुन्हा आली नाही.

ट्रान्सहार्बर

तलावपाळी, फॉरमॅटला एवढी नावं ठेवू नका. आमच्या मुलीचा पासवर्ड बदलला तरी तिच्या मेलमध्ये कुणीतरी शिरतच होतं. पीसीवर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम होता, आणि असले प्रोग्रॅम ब्राउझरच्या कुकीजही नेतात. ‘ही व्यक्ती आधीच लॉगिन झालेली आहे’ अशी खूण कुकीत असते, ती हाती लागली की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही.

आम्ही पीसीचं वायफाय तोडलं. मोबाइलवरून पासवर्ड बदलला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केलं, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावलं. मेल झाल्यावर बँक. बिघडलेल्या पीसीवरच बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तोही त्यांना देणं. मग फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढून विंडोज नव्याने टाकलं. पैसे गेले नव्हते म्हणून निभावलं. गेले असते तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पीसी नंतर.

तलावपाळी

मान्य. पासवर्ड चोरणारं निघालं तर मीही फॉरमॅटच करेन. सर्च बारसाठी मात्र नाही.

घोडबंदरची गर्दी

शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. स्क्रीनभर लाल इशारा, कर्कश बीप आणि खाली फोन नंबर. त्यांनी फोन लावला. पलीकडच्या ‘इंजिनिअर’ने दुरून पीसी चालवता येतो असं रिमोटचं ॲप टाकायला लावलं आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (पीसीतल्या घडामोडींची नोंदवही) लाल खुणा दाखवून घाबरवलं. (त्या खुणा धडधाकट पीसीतही असतात, आपापला उघडून बघा.) पैशाचं निघाल्यावर काकूंनी शिक्षिकेच्या आवाजात ‘आधी तुझं पूर्ण नाव सांग’ म्हटलं, तेव्हा फोन कट.

तो इशारा म्हणजे नुसतं वेबपेज. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की संपलं. खरी कीड म्हणजे ते रिमोट ॲप. काकूंनी परवानगी न देताही पुढच्या वेळी आत येता यावं, म्हणून त्यात पासवर्ड घालून ठेवला होता. कुठलाच स्कॅनर त्याला पकडत नव्हता, कारण ॲप अगदी अधिकृत. हाताने अनइन्स्टॉल केलं, आणि मग ट्रान्सहार्बर म्हणतात तसे मोबाइलवरून पासवर्ड बदलले. आणि हे कुठे लांब चालतं असं समजू नका. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून टॅक्सखात्याच्या नावाने अमेरिकन लोकांना धमकावलं जात होतं.

वाशीचा जुना पापी

आमच्या काळी स्पायवेअर निदान तोंड दाखवायचं, स्क्रीनवर जांभळा गोरिला नाचायचा! एफ८ दाबून सेफ मोड, मग स्पायबॉट हे सफाईचं सॉफ्टवेअर, रविवार खलास. आता घरोघरी असलेल्या डिफेंडरचं मूळही तेव्हाचंच, मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरात जायंट ही कंपनी घेतली तिच्या अँटीस्पायवेअरमध्ये. एक सांगतो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावरच बसला असाल तर भोकं बुजवणारे अपडेट येतायत का ते बघा, नाहीतर वरची सगळी मेहनत पुन्हा करायची तयारी ठेवा.

ऐरोलीची सून

हे वाचून बाबांचा क्रोम नीट पाहिला. मेनूच्या तळाला ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ लिहिलंय. घरच्या पीसीला कुठली ऑर्गनायझेशन?

कळव्याला फास्ट थांबत नाही

ताई, ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन स्लॅश आणि ‘पॉलिसी’ टाका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका, काही अँटीव्हायरसही तिथे आपली ओळ घालतात. यादीत सक्तीने टाकलेलं अनोळखी एक्स्टेन्शन दिसलं तर ते साध्या रिमूव्हने जाणार नाही, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) क्रोमची पॉलिसी काढावी लागेल. आधी ती ‘की’ (रजिस्ट्रीतली नोंद) एक्सपोर्ट करून ठेवा आणि यादीचा फोटो इथे टाका, मग बघू.