मदत हवी आहे: एका सिलिंडरसाठी चारही काढायचे का?

मंडळी, विमान १९७४ चं सेसना १७२ एम, इंजिन लायकमिंग ओ-३२०. वार्षिक तपासणीत चारही सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडून आत किती दाब टिकतो (कॉम्प्रेशन) ते पाहिलं, तर ७४, ७६, ५६, ७५ आलं. तिसऱ्या सिलिंडरची हवा एक्झॉस्टमधून फुसफुसतेय. ऑइल फिलरपाशी आवाज नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक, गळती एक्झॉस्ट व्हॉल्व्हची. बोअरस्कोपमध्ये (सिलिंडरच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) व्हॉल्व्हच्या कडेला एकाच बाजूला रंग बदललेला दिसतो, पण कड तुटलेली नाही.

मेकॅनिक म्हणतात, चारही सिलिंडर बदला. मला ते पटत नाही. सिलिंडर उतरवताना थ्रू-बोल्ट (इंजिनच्या आरपार जाऊन त्याचे दोन अर्धे भाग आवळून धरणारे) सैल होतात, आणि परत कसताना टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, चुकला तर क्रँकशाफ्टला आधार देणारं मेन बेअरिंग सरकू शकतं. चांगल्या सिलिंडरसाठी ही जोखीम कशाला? लायकमिंगही ६०च्या खाली रीडिंग आलं तर सिलिंडर काढण्याचा विचार करा म्हणतं, सरसकट सगळे काढा असं नाही.

माझा विचार असा: इंजिन गरम असतानाच पुन्हा चाचणी, वॉबल टेस्ट (व्हॉल्व्ह ज्या गाइडमधून सरकतो त्यात तो किती हलतो ते मोजणं), व्हॉल्व्ह जागेवरच लॅप करून, म्हणजे बैठकीवर घासून नीट बसवून, बघणं. नाहीच जमलं तर फक्त तिसरा काढायचा.

अडचण वेगळीच आहे. लॉगबुकात सही मेकॅनिकची, जबाबदारीही त्यांचीच, आणि इतकी जुनी विमानं हातात घेणारे मेकॅनिक सहजी मिळत नाहीत. हे त्यांच्यापुढे कसं मांडावं? लॅपिंगचं लेखी मागणीपत्र द्यावं, की दुसऱ्याचं मत घेऊन जावं? दुसरं केलं तर माणूस दुखावेल अशी भीती वाटते.