काँक्रीटसाठी सामाईक युरोपीय मानक: पूर्ण स्वीकारावे की आपल्या परिशिष्टांसह?

चर्चाप्रस्ताव: सेतुबंध

काँक्रीटच्या संरचनांसाठी असलेल्या युरोकोड 2 या सामाईक युरोपीय मानकाची दुसरी पिढी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली असून पहिली आवृत्ती मार्च 2028 पर्यंत मागे घ्यायची आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी ब्रिटिश मानक संस्था युरोपीय मानकीकरण समितीची सदस्य राहिली आहे, त्यामुळे हा प्रश्न इंग्लंडमध्ये इमारतींचे संकल्पन करणाऱ्या माझ्यासारख्यांपुढेही तितकाच थेट उभा आहे. माझे मत असे की हे मानक पूर्ण मनाने स्वीकारावे आणि राष्ट्रीय परिशिष्टातून, म्हणजे प्रत्येक देश मानकाला जोडतो त्या पुरवणीतून, आपापले आकडे कायम ठेवण्याची सवय सोडावी.

1975 मध्ये युरोपीय समुदायाच्या आयोगाने हे काम हाती घेतले, तेव्हा एका देशातील अभियंत्याला आणि ठेकेदाराला दुसऱ्या देशात अडथळ्याविना काम करता यावे, हा हेतू होता. 1989 मध्ये ते मानकीकरण समितीकडे गेले आणि 31 मार्च 2010 रोजी ब्रिटनने काँक्रीटसाठीचे आपले जुने मानक बीएस 8110 मागे घेतले. पण सामाईक मानक आल्यावरही काय उरले ते पाहा. सी 30/37 हे काँक्रीट घ्या. सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्यावर त्याची वैशिष्ट्य ताकद, म्हणजे बहुतेक नमुने जिच्या खाली जात नाहीत ती, 30 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर; तिला 1.5 या सुरक्षा-गुणकाने भागले की संकल्पनात धरायचे 20 येतात. दीर्घकालीन भाराचा परिणाम धरणारा गुणक मूळ मानकाने 1.0 सुचवला आहे. फ्रान्सने तो तसाच ठेवला, तर जर्मनीने 0.85 केला आणि ब्रिटननेही वाकण व अक्षीय दाब यांसाठी 0.85 च घेतला. म्हणजे तेच काँक्रीट पॅरिसमध्ये 20 धरायचे आणि लंडनमध्ये 17. बर्फाचा भार, वारा, भूकंप यांचे आकडे देशागणिक बदलणारच, कारण हवामान आणि भूगर्भ वेगळे आहेत. काँक्रीटच्या दाबसहनशक्तीला मात्र सीमा नसते.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

आपले उदाहरण नेमके आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. माफक सळई असलेल्या बीममध्ये 20 ऐवजी 17 धरले तर लागणाऱ्या सळईत फारसा फरक पडत नाही, कारण तिथे सळई आधी ताणली जाते आणि बलभुजा (सळईतील ताण व काँक्रीटमधील दाब यांच्यातले अंतर) किंचितच बदलते. फरक पडतो तो कॉलममध्ये, आणि कॉलम हाच असा घटक आहे की तो गेला तर वरचे सगळे जाते. एखाद्या देशाने तिथे सावध आकडा घेतला असेल, तर तो हट्ट नव्हे, जबाबदारी आहे.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. बीएस 8110 घटकांनुसार लिहिलेले होते: बीमचे प्रकरण उघडले की वाकण, शिअर (बीमला आडवे कापू पाहणारे बल), विक्षेप (भाराखाली खाली झुकणे) आणि सळयांची मांडणी एकाच ठिकाणी मिळे. युरोकोड 2 घटनांनुसार लिहिलेला आहे, म्हणजे वाकण एका ठिकाणी, शिअर दुसऱ्या, भेगा तिसऱ्या. संशोधकाला ही रचना सुंदर वाटेल. दोन-तीन माणसांच्या कार्यालयात दुपारपर्यंत एका घराच्या स्लॅबचा आराखडा पाठवायचा असतो, तिथे ती वेळ खाते आणि चुकांना वाव देते.

त्यातली एक चूक मी पुण्यात ब्रिटिश कामांचे डिटेलिंग, म्हणजे सळयांची रेखाटने, तपासताना वारंवार पाहतो. बीएस 8110 मध्ये काँक्रीट स्वतः काही शिअर पेलते असे धरून उरलेला शिअर रिंगांवर (मुख्य सळयांभोवतीच्या कड्यांवर) टाकत आणि काँक्रीटमधून दाब वाहणारा तिरका पट्टा, म्हणजे कर्ण, 45 अंशांचा मानत. युरोकोडात रिंगा लागल्या की काँक्रीटचा वाटा पूर्ण सोडायचा आणि दाबकर्णाचा कोन आपणच निवडायचा. तो सुमारे 22 अंशांपर्यंत सपाट करता येतो. कोन सपाट केला की रिंगा कमी होतात, म्हणून सगळेच तसे करतात. पण त्याची किंमत तळाच्या सळईला मोजावी लागते: ती जास्त ताणली जाते आणि गणितात जिथे थांबते त्यापुढे परिणामी खोलीच्या (दाबाच्या कडेपासून सळईपर्यंतच्या खोलीच्या) सुमारे 1.1 पट आणखी न्यावी लागते. गणित करणाऱ्याने सपाट कोन घेतला आणि रेखाटन करणाऱ्याने जुन्या सवयीने सळई आखूड तोडली, तर दोघांपैकी कोणालाही ते कळत नाही. अशा बाबतीत मानकाने माणसाला हाताला धरून न्यायला हवे.

शिवाय सामाईक म्हणजे जसेच्या तसे, हे कुठे ठरले? स्वित्झर्लंडने युरोकोडांची तत्त्वे घेऊन 2003 मध्ये आपली मानके स्वतः लिहिली. काँक्रीटसाठीचे त्यांचे एसआयए 262 आटोपशीर आहे, आणि स्विस पूल कच्चे असतात असे कोणी म्हणत नाही.

सेतुबंध

सळईच्या लांबीचा मुद्दा पूर्ण मान्य. तो प्रत्येक कार्यालयाच्या तपासणी-यादीत असायला हवा. पण स्वित्झर्लंडचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

सपाट स्लॅब कॉलमभोवती भोक पाडून खाली येण्याचा धोका, म्हणजे पंचिंग, घ्या. 400 मिलिमीटरचा चौकोनी कॉलम आणि 200 मिलिमीटर परिणामी खोलीचा स्लॅब असेल, तर बीएस 8110 कॉलमच्या कडेपासून खोलीच्या दीडपट अंतरावर चौकोन काढून ताण तपासत असे. त्याची परिमिती 4000 मिलिमीटर येते. 2004 चा युरोकोड दुप्पट अंतरावर गोल कोपऱ्यांची रेषा काढतो आणि सुमारे 4113 येतात. दोन्ही मानके वेगळी दिसतात, पण जवळपास सारखेच बोलतात, कारण दोन्ही प्रयोगांवर बसवलेली सूत्रे आहेत. 2023 च्या मानकात ही रेषा अर्ध्या खोलीवर, म्हणजे सुमारे 2228 मिलिमीटरवर आली, आणि ताकदीचे सूत्र भेगेच्या रुंदीवर व खडीच्या आकारावर आधारलेल्या सिद्धान्तातून आले. हा सिद्धान्त प्रामुख्याने स्वित्झर्लंडमध्ये, लोझानच्या तंत्रविद्यापीठात वाढला.

हे केवळ पुस्तकी नाही. 1997 मध्ये वुल्वरहॅम्प्टनच्या पाइपर्स रो वाहनतळाच्या वरच्या मजल्याचा सुमारे 120 टनांचा भाग पंचिंगने कोसळला. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेत्झेनबाख येथे भूमिगत वाहनतळाला आग लागली असताना छत खाली आले आणि सात अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. एका देशाचे संशोधन सामाईक मानकातून सगळ्यांच्या स्लॅबपर्यंत पोचते, हाच या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ मला वाटतो. प्रत्येकाने आपली प्रत लिहायची ठरवली, तर ही वाट लांबते.

प्रतिसाद: खाडीपूल

मी मुंबईत पुलांचे संकल्पन करतो, म्हणून एका तिसऱ्या मार्गाचा अनुभव मांडतो. इंडियन रोड्स काँग्रेसने 2011 मध्ये पुलांसाठी आयआरसी 112 हे मानक आणले, तेव्हा साध्या आणि पूर्वप्रतिबलित (ताणलेल्या तारांनी आधीच दाबून ठेवलेल्या) काँक्रीटसाठीची दोन जुनी मानके एकत्र झाली. त्याचा सांगाडा बराचसा युरोकोड 2 चा आहे; बदलत्या कोनाची शिअरची पद्धतही त्यात आहे. मात्र आपल्याकडे काँक्रीट सिलिंडरऐवजी घनाकृती नमुन्यावर तपासतात, म्हणून गुणक 0.67 ठेवला. एम 30 ची (घनावर 30 ताकदीच्या काँक्रीटची) संकल्पन-ताकद त्यामुळे 13.4 येते. युरोपात तेच काँक्रीट सी 25/30 (सिलिंडरवर 25, घनावर 30) ठरते आणि 0.85 धरून 14.2 येतात. म्हणजे तत्त्व घेतले, आकडा आपल्या चाचणीला जुळवला.

अडचण वेगळ्या ठिकाणी आली. आमच्याच कार्यालयात इमारती आयएस 456 या भारतीय मानकाने होतात, आणि तिथे शिअरमध्ये काँक्रीटचा वाटा व 45 अंश हीच पद्धत शिकवलेली असते. तोच तरुण अभियंता सकाळी पूल आणि दुपारी इमारत करतो, आणि कृष्णाकाठ यांनी सांगितलेली चूक मला इथेही दिसते. त्यामुळे जे स्वीकारायचे ते सगळ्या क्षेत्रांत एकदम स्वीकारावे, अर्धे नको, असे माझे मत झाले आहे.

कृष्णाकाठ

खाडीपूल यांचा हा मुद्दा मला मोलाचा वाटतो. मीही अर्धवट स्वीकाराच्या बाजूने नाही. नव्या मानकात काँक्रीटची ताकद 28 ऐवजी 91 दिवसांपर्यंतच्या वयाला धरण्याची मुभा आहे, आणि ताकद सावकाश गाठणाऱ्या स्लॅगमिश्रित सिमेंटची कामे वाढत असताना ती स्वागतार्ह आहे. माझा विरोध घाईला आणि राष्ट्रीय परिशिष्ट रिकामे करण्याला आहे. 2028 च्या आत प्रत्येक सामान्य घटकाचे, सळयांच्या रेखाटनासह संपूर्ण सोडवलेले उदाहरण मानक संस्थेने स्वतः प्रसिद्ध करावे. कॉलमसाठीचा सावध गुणक काढायचा असेल, तर तो कोणत्या चाचण्यांच्या आधारे काढला हे त्याच परिशिष्टात लिहावे. एवढे झाले, तर सेतुबंध यांच्या प्रस्तावाला माझी हरकत राहणार नाही.