झटका मशीनच्या टकटकीत मोर्स ऐकू येईना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळ राहतो. ५ वॅटचा हॅम रेडिओ (हौशी बिनतारी) सेट, १२ व्होल्टची बॅटरी आणि अंगणातल्या निंबावरून दोन्हीकडे १०-१० मीटर तार उतरवलेला डायपोल अँटेना, एवढ्यावर ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) मोर्स, म्हणजे लांब-आखूड आवाजांची सांकेतिक लिपी, चालवतो.

तूर फुलावर आली तशी शेजारच्या काकांनी रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन (तारेत ठरावीक वेळाने विजेचा झटका सोडणारी) जोडली. तेव्हापासून अंधार पडला की ७.०३० मेगाहर्ट्झवर दर सेकंदाला टक्... टक्. समोरचा कॉलसाइन (आपल्या स्टेशनची ओळख-अक्षरं) देतो अन् नेमकं एक अक्षर त्या टकमध्ये जातं. आम्हा ५ वॅटवाल्यांचा आवाज आधीच बारीक.

मशीन बंद करा म्हणणं मला जमणार नाही. डुकरं एका रात्रीत अर्धं वावर लोळवतात. काल ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून धुऱ्याधुऱ्याने फिरलो. एका खांबाशी आवाज एकदम वाढला. तिथे इन्सुलेटरला तडा आहे, ओलं गवतही तारेला टेकलेलं. सकाळी मशीन बंद करून काकांनी गवत कापलं, थोडा फरक पडला.

इन्सुलेटर बदलला तर बाकीचा आवाज जाईल का, की तारेचे सांधे आणि मशीनचं अर्थिंगही बघावं लागेल? डायपोलची दिशा फिरवून कुणाला फायदा झालाय? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.