ऑडिट चोख, तरी शेड्यूल वनवर दिवंगत मंडळी!

ऑडिट वेळेवर झालं की ट्रस्टला धोका नाही, हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटला. आमच्या छोट्या ट्रस्टचं ऑडिट दरवर्षी चोख असायचं. मधल्या काळात दोन विश्वस्त वारले, दोन नवे आले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा धर्मादाय कार्यालयाला द्यायचा अहवाल, कुणीच दाखल केला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार तो ९० दिवसांत द्यावा लागतो. बँकेत सह्या बदलायला गेलो तेव्हा कळलं, शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, अजून दिवंगत मंडळीच कारभार पाहताहेत! मग विलंब माफीचा अर्ज, वकील, धर्मादाय कार्यालयात हेलपाटे.

देणगीचंही तसंच. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला ८०जीची आयकर सवलत नाही. तरी "दहा हजारांच्या दोन-दोन हजारांच्या पाच पावत्या फाडा हो" म्हणणारे भेटतातच, आणि बहुधा ते ओळखीतलेच असतात. नियम सगळ्यांना पाठ असतो, तोंडावर नाही म्हणणारा खजिनदार मिळत नाही. आम्ही शेवटी रोख घेणंच बंद केलं. थोड्या देणग्या गेल्या, जाऊ देत.

एक विचारायचं होतं: विश्वस्ताच्या नातलगाला काम देताना तुम्ही ठरावात नातं लिहून घेता का? आम्ही आत्ता सुरू केलंय, आणि कुरबुरही सुरू झाली आहे.