अमेरिकन वाइन: टेकडीचं चित्र फुकट, बाकी सगळ्याचे पैसे?

जर्सीकर_बंड्या:
परवा मेहुणा जेवायला येणार म्हणून १४ डॉलरची कॅबर्ने (लाल वाइन) आणली. लेबलवर टेकडी, दगडी घर, आणि मागे बारीक अक्षरात "सेलर्ड अँड बॉटल्ड बाय". म्हणजे वाइन दुसऱ्याच कुणी केलेली असू शकते, ह्यांनी फक्त साठवून बाटलीत भरली. "प्रोड्यूस्ड" लिहायचं तर निदान ७५ टक्के स्वतः आंबवावी लागते. बिस्किटाच्या पुड्यावर मैद्यापासून पामतेलापर्यंत सगळं छापतात, इथे रंग गडद करायला मेगा पर्पल नावाचं द्राक्षाचं घट्ट कॉन्सन्ट्रेट ओतलं तरी सांगायची सक्ती नाही. वर ती थ्री-टियर सिस्टिम, १९३३ ला दारूबंदी उठली तेव्हापासूनची, वायनरीने, म्हणजे वाइन बनवणाऱ्याने, डिस्ट्रिब्युटरला विकायची, त्याने दुकानाला, दुकानाने आपल्याला. मार्केट यार्डातला अडत्याच की हा, फक्त टाय लावलेला!

खवट_काकू:
अजिबात सहमत नाही. दारूबंदीच्या आधी गुत्तेच ब्रुअरीच्या मालकीचे असायचे, पाजा किती पाजायची ती. ती साखळी तोडायला मधला माणूस घातला. तो नसता तर मोठ्या कंपन्यांनी कोपऱ्यावरची दुकानं कधीच गिळली असती. आणि वाइन वाईट म्हणाल तर १९७६ ला पॅरिसमध्ये डोळे झाकून... म्हणजे लेबल झाकून चव घेतली तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियातल्या नापाच्या स्टॅग्ज लीप आणि शातो मॉन्टेलेना ह्या वायनरींना पहिला नंबर दिला होता.

जर्सीकर_बंड्या:
काकू, १९७६ चं पुण्य किती वर्षं खायचं? आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचं म्हणाल तर डिसेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सदर्न ग्लेझर्स ह्या सगळ्यात मोठ्या डिस्ट्रिब्युटरवर केस टाकली, आरोप हाच की मोठ्या चेनला स्वस्त आणि छोट्या दुकानाला महाग. २००५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याने आपल्या वायनरीला घरपोच परवानगी द्यायची आणि बाहेरच्यांना नाही हे चालणार नाही. तरी कॅलिफोर्नियात सोनोमातल्या एका छोट्या वायनरीतून युटा राज्यातल्या मामेभावाला सहा बाटल्या पाठवायला गेलो तर काउंटरवरची बाई नुसती हसली.

लोडीचा_हिशेबनीस:
तुम्ही दोघं बाटलीवरून भांडताय, इकडे कॅलिफोर्नियातल्या बागा बघा. २०२४ ला कित्येकांची द्राक्षं वेलीवरच राहिली कारण गिऱ्हाईकच नाही, आता जेसीबी लावून वेली उपटून ढीग पेटवतायत. माझा एक क्लायंट, तिसरी पिढी, झिनफांडेल जातीची द्राक्षं. आणि त्याच वेळी बंदरात २४ हजार लिटरच्या पिशव्यांतून परदेशातली बल्क, म्हणजे बाटलीत न भरलेली घाऊक वाइन उतरते. लेबलवर "कॅलिफोर्निया" असेल तर द्राक्षं १०० टक्के इथली लागतात, पण नुसतं "अमेरिकन" असेल तर २५ टक्क्यांपर्यंत परदेशी चालते. हे किती जण वाचतात? दोष डिस्ट्रिब्युटरचा कमी, बल्कवाल्या मोठ्या कंपन्यांचा जास्त असं माझं मत.

निफाडचा_द्राक्षवाला:
अडत्याला शिव्या घालणारे सगळे पगारवाले असतात हे एक निरीक्षण 😄 आमच्याकडे नडीला उचल तोच देतो. बाकी इथली वाइनपण कॅलिफोर्नियाचीच शिकवण हो, सुलाच्या राजीव सामंतांनी सोनोमाच्या केरी डॅम्स्कीला बोलावूनच सुरुवात केली. चांगलं शिकलो तसं तेही शिकलो, भाव पडला की काँट्रॅक्टवाल्याला आमच्याच मालात साखर कमी दिसायला लागते.

लोडीचा_हिशेबनीस:
+१, इथेही डिट्टो. साखर मोजायचं मशीन तेच, रीडिंग मागणीप्रमाणे.

खवट_काकू:
बरं ते राहू दे बंड्या, बाटली कशी होती?

जर्सीकर_बंड्या:
संपली. मेहुणा म्हणाला टेकडी छान आहे.