यकृताच्या कर्करोगाचे ‘संदेश’ तोडायला निघालेल्यांसाठी

सुहास
काल इथे एकाने लिहिलं: "यकृताच्या कर्करोगाच्या मूलपेशींना मिळणारे संदेश तोडा, रोग मुळापासून जातो. हळदीच्या कॅप्सूल तेच करतात, केमो कशाला?" राहवलं नाही. मूलपेशींचं, म्हणजे गाठ पुन्हा उभी करणाऱ्या पेशींचं, म्हणणं पोकळ नाही. सीडी१३३, एपकॅम ही प्रथिनं अंगावर असलेल्या थोड्याशा पेशी उंदरात नवी गाठ उभी करतात, औषधांना दाद देत नाहीत. विंट, नॉच हे पेशींमधले संदेश त्यांना पोसतात, सुजलेल्या यकृतातून येणारं आयएल-६ हे प्रथिन बळ देतं. पण टीजीएफ-बीटा हा संदेश घ्या. सुरुवातीला तोच पेशींची वाढ रोखतो, रोग पुढे सरकला की त्याच्याच जोरावर पेशी पसरतात. तो कधी तोडायचा? विंट रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत रुग्णांची हाडं मोडली, कारण हाडांनाही विंट लागतो. आणि तुम्ही कॅप्सूल विकताय!

वैशाली
सुहास, तुम्हीही मूलपेशी म्हणजे वेगळी जात असल्यासारखं लिहिताय. सीडी१३३ निरोगी पित्तनलिकांच्या पेशींवरही सापडतो. शिवाय साधी कर्कपेशी परिस्थिती बदलली की मूलपेशीसारखी वागू लागते. मारणार कुणाला?

प्रमोद
उंदीर पुरे झाले. माझ्या वडिलांना सोराफेनिब ही यकृताच्या कर्करोगाची गोळी दिली. तळहात सोलवटले, भाकरी मोडता येईना. कॅप्सूल सुरू केल्यावर दोन घास जाऊ लागले. हे कुठल्या चाचणीत मोजता?

सुहास
वाईट वाटलं, प्रमोदराव. पण सोराफेनिब केमो नाही, तेही संदेशच रोखतं. २००८ च्या मोठ्या चाचणीत त्याने सरासरी आयुष्य ७.९ वरून १०.७ महिन्यांवर नेलं. तीन महिनेसुद्धा नाहीत, मान्य. म्हणून कॅप्सूल खरी ठरते का?

संगीता
भाजीतली हळद रक्तात फारशी उतरत नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. अशा कॅप्सूलींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतून २०२२ मध्ये आल्या. गुळवेलीचंही तेच. कोविडात घरोघरी काढे उकळले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कावीळ झालेले रुग्ण नोंदवले.

आनंद
अर्धंच सांगताय. आयुष मंत्रालयाने तेव्हाच म्हटलं होतं, ती दुसरी वेल असू शकते. गुळवेल आमच्या कुंपणावर आहे, पिढ्यान्‌पिढ्या पितोय. आयुर्वेदाला झोडपायला निमित्तच हवं तुम्हाला!

संगीता
नंतर देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. सगळीकडे दुसरीच वेल होती? आधीच सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होऊन खराब झालेल्या माणसाला हे प्यायला सांगणं गुन्हा आहे, आनंदराव.

आनंद
सिरोसिसवाल्याने पिऊ नये, एवढंच मान्य. सरसकट बोलू नका.

नीलिमा
वेलीवरून भांडताय, पण बाळाला हेपॅटायटिस बी या यकृत बिघडवणाऱ्या विषाणूची लस दिली का, कुणी विचारत नाही. तैवानने १९८४ मध्ये सुरू केली आणि मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. मूलपेशीपर्यंत वेळच येत नाही.

प्रमोद
वडिलांना लस कोण देणार होतं तेव्हा? आणि कॅप्सूलचं म्हणाल तर एकाही डॉक्टरने विचारलं नाही, आणखी काय घेताय म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

वैशाली
हे मात्र खरं. सुहास, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.